जाळीचे कपाट भंगारात देण्यापूर्वी



पावसाळा सरला की घरोघरी साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, मागच्या पडवीतला पसारा हलतो, आणि भंगारवाल्याची हाक ऐकू आली की कुणीतरी म्हणते, "ते लाकडी कपाटही नेऊ दे एकदाचे." घरात निकाहची तारीख ठरलेली असेल तर घाई आणखी वाढते. व्याही येणार, पाहुणे येणार, जुन्या वस्तू त्यांच्या नजरेला पडू नयेत असे वाटते. या घाईत किलोच्या भावाने जे जाते, त्यात पुष्कळदा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे अस्सल सागवान असते. त्याच्या जागी जे येते ते बहुधा भुसा दाबून केलेल्या फळीचे असते. वर चकचकीत सनमायका, आत भुसा आणि गोंद. एका पावसाळ्यात त्याला ओल लागली की कडा फुगतात, स्क्रू निसटतात, आणि ती फळी पुन्हा दुरुस्त होत नाही.

या महिन्यात आम्ही टाकून दिलेल्या एका कपाटाविषयी लिहीत आहोत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या घरातले हे जाळीचे कपाट. साडेचार फूट उंच, दोन जाळीची दारे, आत तीन फळ्या, खाली एक खण. फ्रिज येण्यापूर्वी दूध, सालन, तळलेली मासळी, रात्रीची उरलेली भाकरी यातच राहायची. जाळीतून हवा खेळायची, मांजर आणि माश्या बाहेर राहायच्या. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या आजोळी असे कपाट असेल.

त्या घरातल्या दादी हयात होत्या तोवर, फ्रिज आल्यानंतरही, कपाट स्वयंपाकघरात होते. त्यांच्या इंतकालनंतर घराची दुरुस्ती निघाली आणि कपाट मागच्या पडवीत गेले. दोन पावसाळे त्याने तिथेच काढले. मग नातीचा निकाह ठरला. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल असा नव्या फर्निचरचा हिशोब आला. हप्त्यावर घ्यायचे म्हटले तर वर व्याज. पडवीतले कपाट भंगारात द्यायचे ठरले, तेव्हा नातच मध्ये पडली. तिला नव्या घरी पुस्तके ठेवायला काहीतरी हवे होते. आम्हाला विचारणा झाली, आम्ही जाऊन कपाट पाहिले आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याचे काम झाले. त्यात काय काय करावे लागले, ते क्रमाने सांगतो. आपल्या घरातले तख्त, पेटी, पाळणा किंवा खुर्ची असली तरी रीत हीच.

दुरुस्ती ही कमीपणाची गोष्ट नाही

आपल्या प्यारे नबी (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपण सर्वांनी ऐकले आहे. हजरत जकरिया (अ.स.) सुतारकाम करत, असे हदीसमध्ये आले आहे. मदिन्याच्या मस्जिदीत नबी (स.) आधी खजुराच्या खोडाला टेकून खुतबा देत. पुढे एका अन्सारी स्त्रीने आपल्या सुतार गुलामाकडून मिंबर करवून घेतला. तो मदिन्याजवळच्या गाबा नावाच्या रानातल्या झाऊच्या लाकडाचा होता आणि त्याला तीन पायऱ्या होत्या. लाकूड कुठले, बनवले कुणी, एवढे बारीक तपशीलही उम्मतने जपून ठेवले आहेत.

दुसरीकडे इसराफ, म्हणजे उधळपट्टी, कुरआनने किती कडक शब्दांत रोखली आहे हेही आपल्याला ठाऊक आहे. आपण इसराफ म्हटले की वलीम्यातले वाया गेलेले अन्न आठवतो. चांगले लाकूड फेकून कर्जाने भुसा विकत घेणे हाही इसराफच आहे, असे आम्हाला वाटते.

आधी ठरवा, वस्तू कुणाची?

पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी एक काम आहे. दादींचे कपाट हा त्यांचा तरका आहे. मय्यतच्या कफन-दफनचा खर्च, कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसियत, आणि उरेल त्यात वारसांचे हिस्से, हा क्रम आहे. सूरह निसामध्ये मुलींचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. जमीन आणि दागिन्यांच्या वेळी तो आपण कसाबसा आठवतो. भांडीकुंडी, पेट्या, कपाटे मात्र ज्याच्या ताब्यात घर त्याची, असे गृहीत धरतो. वस्तू भंगारातली होती तोवर कुणी बोलत नाही. ती चकचकीत होऊन दिवाणखान्यात आली की लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या मनात सल राहतो.

म्हणून त्या घरात पहिल्यांदा फोन झाले. थोरल्या फुफी खेडला, मधल्या कुवेतला, धाकट्या महाडला. कपाट भाचीला द्यायला तिघींनीही आनंदाने होकार दिला. धाकट्या फुफींनी एवढेच मागितले की दाराची पितळी कडी आपल्याला मिळावी. लहानपणी साखरेसाठी त्याच कडीपर्यंत हात पोचवण्याचा प्रयत्न त्या करत. कडी काढून, चिंचेने घासून त्यांना पाठवली आणि दाराला नवी बसवली. दोन भाऊ आणि तीन बहिणी, सर्वांची रजामंदी झाली, मगच कामाला हात लागला. यात अर्धा दिवस गेला. तो वाचवू नये.

लाकूड ओळखावे

आता वस्तू तपासायची. कपाट उलटे करून तळ पाहावा, खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी. तिथे रंग पोचलेला नसतो. सागवान सोनेरी-तपकिरी दिसते, हाताला किंचित तेलकट लागते आणि कोपऱ्यात जरा खरवडले तर चामड्यासारखा वास येतो. शिसव गडद, जांभळट-तपकिरी आणि वजनाला भारी. फणसाचे लाकूड मुळात पिवळे असते, वर्षानुवर्षे लालसर-तपकिरी होत जाते. कोकणात फणसाच्या फळ्या घरोघरी वापरल्या जात. आमच्या कपाटाची चौकट सागवानी निघाली आणि आतल्या फळ्या फणसाच्या. वरून मात्र ते आकाशी रंगाचे होते. आकाशीखाली हिरवा, त्याखाली पांढरा.

मग कीड. वाळवी आत पोखरते आणि मातीचे बोगदे करते. बोटाने ठोकले की पोकळ आवाज येतो, पेचकस टोचला की सहज आत जातो. दुसरी कीड लाकूड पोखरणाऱ्या बारीक भुंग्यांची. त्यांची भोके टाचणीच्या डोक्याएवढी असतात. भोके जुनी आहेत की कीड अजून जिवंत आहे, हे ओळखायचे असेल तर खाली पांढरा कागद अंथरून चार दिवस थांबावे. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड चालू आहे. ही कीड बहुधा लाकडाच्या बाहेरच्या फिक्या भागाला लागते. सागवानाचा गाभा तिला आणि वाळवीलाही दाद देत नाही. पलंग किंवा तख्त असेल तर सांध्यांत ढेकूण आहेत का तेही टॉर्च लावून पाहावे, आणि ते गेल्याखेरीज वस्तू घरात आणू नये.

काय ठेवू नये, तेही सांगतो. भुशाची फळी फुगली असेल, प्लायचे थर सुटून उकलले असतील, किंवा मुख्य चौकटीतला निम्म्याहून अधिक भाग वाळवीने खाल्ला असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. चौकट शाबूत असेल तर बाकी सर्व बदलता येते. आमच्या कपाटात पाठीची एक फळी वाळवीने गेली होती. पाण्याच्या वाट्यांत वर्षे काढल्यामुळे चारही पायांचे तळ कुजले होते. बाकी चौकट दगडासारखी होती.

धुणे आणि वाळवणे

साबणाच्या पाण्यात फडके घट्ट पिळून कपाट पुसावे. बादलीने पाणी ओतू नये, लाकूड पाणी पिते आणि मग वाकते. खाचांतली घाण जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावी. पुसून झाले की सावलीत, वारा लागेल अशा जागी चार-पाच दिवस ठेवावे. कडक उन्हात ठेवले तर फळ्यांना चिरा पडतात. कीड चालू असेल तर दुकानात मिळणारे वाळवीनाशक सुईच्या पिचकारीने भोकात सोडावे. हातमोजे घालून, घराबाहेर, मुलांना दूर ठेवून. वापरलेली पिचकारी पुन्हा घरात आणू नये.

जुना रंग काढताना जपून

या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमच्या आत असावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकते. शिशाची धूळ श्वासातून आणि बोटांवरून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा कायमचा परिणाम होतो, आणि गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळालाही ती बाधते. म्हणून रंगवलेले जुने लाकूड कधीही कोरडे घासू नये. आगीच्या झोताने किंवा गरम हवेच्या मशीनने रंग जाळूही नये, त्याचा धूर तितकाच वाईट.

रीत अशी. काम अंगणात करावे, खाली जाड प्लास्टिक अंथरावे. पृष्ठभाग ओला करून वॉटर पेपरने घासावा, किंवा पेंट रिमूव्हर लावून रंग फुगला की बोथट पत्तीने खरवडावा. रिमूव्हरचा वास उग्र असतो आणि तो कातडीला पोळतो, म्हणून उघड्या हवेत आणि रबरी हातमोज्यांनीच. तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा एन-९५ मास्क घालावा. खरवड सर्व गोळा करून पिशवीत बंद करावी, चुलीत किंवा बागेत टाकू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मुलांनी आणि गरोदर भगिनींनी या टप्प्यात जवळ येऊच नये. त्यांना हातभार लावायचा असेल तर पुढे पॉलिशच्या आधीचे मोजमाप आणि जाळी निवडणे ही कामे आहेत.

या कपाटाचे तीन रंग उतरवायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीवर सागवानाच्या रेषा दिसल्या, तेव्हा घरातला एकही माणूस अंगणाबाहेर गेला नाही. त्या लाकडाचा रंग घरातल्या कुणीही याआधी पाहिलेला नव्हता.

सांधे आणि पाय

जुन्या सुतारांनी एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून चौकटी केल्या आहेत. खिळे अगदी कमी. सांधा हलत असेल तर त्यावर नवे खिळे ठोकू नयेत. त्याने लाकूड फाटते आणि सांधा आणखी ढिला होतो. सांधा उघडावा. जुना सरस असेल तर कोमट पाण्याने किंवा गरम सिरक्याने तो मऊ होतो. जुना सरस पूर्ण खरवडून काढावा, कारण त्यावर नवा गोंद धरत नाही. मग लाकडासाठीचा पांढरा गोंद लावून सांधा बसवावा आणि शिकंज्यात २४ तास ठेवावा. शिकंजा नसेल तर चौकटीभोवती सुती दोरी दोनदा गुंडाळून तिच्यात काठी अडकवावी आणि पीळ देत जावे. काठी बांधून ठेवली की झाले. कोपऱ्यात लाकडाला वळ पडू नये म्हणून दोरीखाली फडक्याची घडी ठेवावी.

गोंद ओला असतानाच चौकट काटकोनात आहे का ते पाहावे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत टेप लावावी, मग उलट बाजूने. दोन्ही मापे सारखी आली तर चौकट सरळ. फरक असेल तर लांब मापाच्या बाजूने हलके दाबावे. हे काम त्या घरातल्या नववीतल्या मुलाने केले. वर्गात शिकलेला आयत त्याला त्या दिवशी कपाटात सापडला.

कुजलेले पाय सुताराकडे दिले. त्याने चारही पाय दोन-दोन इंच कापले, जुन्या सागवानाचे तुकडे आत लाकडी खुंट्या घालून जोडले. पाठीची फळी नवी बसवली. अशा कामाला मिस्त्री लागतोच. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात किंवा मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात जुने लाकूड आणि त्याची दुरुस्ती करणारे कारागीर भेटतात. आपल्याच समाजातले कितीतरी हात या धंद्यात आहेत. सहारनपूरच्या लाकडी नक्षीचे नाव तर जगभर आहे. त्यांच्याशी मजुरी आधी ठरवावी आणि घाम वाळण्याच्या आत द्यावी, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. कपाट फुकटात पडले या आनंदात मिस्त्रीची मजुरी घासू नये.

भरणे आणि घासणे

खिळ्यांची भोके आणि चिरा भरायला लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरतात. आतल्या बाजूला हे चालते. बाहेर दिसणाऱ्या ठिकाणी ही जागा पॉलिश नीट पीत नाही आणि डाग दिसतो, म्हणून तिथे लाकडाच्या रंगाची तयार पुट्टी वापरावी.

रंग पूर्ण निघाल्यावर पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो. मधला एकही नंबर गाळू नये, कारण ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत आणि पॉलिश लागले की ठळक दिसतात. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळला तर पृष्ठभाग सपाट राहतो. प्रत्येक नंबरानंतर धूळ ओलसर फडक्याने पुसावी. कडा अगदी धारदार ठेवू नयेत आणि गोलही करू नयेत. वर्षानुवर्षे हात लागून गुळगुळीत झालेली कडा तशीच राहू द्यावी, ती त्या घराची खूण आहे.

पॉलिश कोणते?

घरी करण्यासारखे दोन प्रकार आहेत. पहिला लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवर जगणाऱ्या बारीक किड्यापासून लाख मिळते. आपल्या देशात झारखंडात ती सर्वाधिक होते. तिचे पातळ पापुद्रे म्हणजे चपडा लाख. एक लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवावा. लोखंडी डबा वापरू नये, लाख काळी पडते. सकाळी ते कापडातून गाळावे. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधून पोटली करावी, ती द्रावात बुडवून, पिळून, लाकडावर न थांबता फिरवावी. एक हात वाळायला पाऊण-एक तास. दर दोन-तीन हातांनंतर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवावा. सहा ते आठ पातळ हात दिले की लाकूड आतून उजळते. दमट हवेत हे काम करू नये, लाखेवर पांढरट धुके येते. गरम भांडे आणि पाणी लाखेला सोसत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला ती उपयोगाची नाही. पुस्तकांच्या कपाटाला उत्तम.

स्पिरिटचे नाव ऐकून काही भगिनी बिचकतात. हे रंगाच्या दुकानातले विषारी द्रव आहे, पिण्याचे नव्हे, आणि वाळताना उडून जाते. तरीही मसअला आपापल्या आलिमांना विचारावा. मन मानत नसेल तर दुसरा प्रकार आहे. स्पिरिट कोणीही वापरले तरी चुलीपासून, गॅसपासून आणि मुलांच्या हातापासून ते दूर असावे.

दुसरा प्रकार तेलाचा. रंगाच्या दुकानात उकळलेले अळशीचे म्हणजे जवसाचे तेल मिळते. फडक्याने पातळ लावावे, वीस मिनिटे थांबावे, आणि लाकडाने न प्यायलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पुसले नाही तर वर चिकट थर राहतो. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. शेवटी मधमाश्यांचे मेण चोळावे. यात चकाकी कमी, पण ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा तेल लावता येते.

एक इशारा न विसरता लक्षात ठेवावा. या तेलात भिजलेले फडके वाळताना आपोआप तापते. गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकते. काम संपले की फडकी बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

या कपाटाला नातीने लाखेचे पॉलिश निवडले. जुनी गंजलेली जाळी काढून नवी बारीक स्टीलची जाळी लावली, वर पातळ लाकडी पट्ट्या छोट्या खिळ्यांनी ठोकल्या. बिजागऱ्या जुन्याच, रॉकेलने गंज काढून, तेल घालून पुन्हा बसवल्या.

घरात आणल्यावर

उंच कपाट भिंतीला लोखंडी कोनाने जखडून टाकावे. लहान मुले खणावर पाय ठेवून चढतात आणि कपाट अंगावर येते. हे एका स्क्रूचे काम आहे, ते उद्यावर टाकू नये. पायांखाली रबरी चकत्या ठेवाव्यात, म्हणजे फरशी पुसताना पाणी पायांत शिरत नाही. भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवावे. ओल्या फडक्याने रोज पुसू नये, कोरडे पुरते.

दादींचे कपाट आता नातीच्या सासरी, ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आहे. वरच्या फळीवर कुरआन शरीफ आणि तफसीर, मधल्या फळीवर तिची बी.एड.ची पुस्तके, खाली खणात शिवणाचे सामान. जाळीमुळे पुस्तकांना हवा लागते, त्यामुळे पावसाळ्यात बुरशीचे भय कमी. निकाहच्या सामानातून एक कपाट आणि ड्रेसिंग टेबल वगळले गेले. हप्त्याचा करार झालाच नाही. मुलीच्या वडिलांनी व्याह्यांना आधीच फोन करून सांगितले होते की आम्ही आमच्या आईचे कपाट दुरुस्त करून पाठवत आहोत. व्याही म्हणाले, "आमच्याकडे माझ्या वालिदांचा पलंग पडून आहे, त्याचा मिस्त्री कोण?"

हा फोन करायला धीर लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या बापाला वाटते, जुने सामान पाठवले तर मुलीला बोलणी ऐकावी लागतील. म्हणून मुलाकडच्यांना आमची विनंती आहे. आधी तुम्ही बोला. सामानाची यादी मागू नका, कुणी देऊ केले तरी नवेच हवे असे म्हणू नका. तुमच्या एका वाक्याने एका बापाचे कर्ज वाचते. आणि मुलीकडच्यांनो, कर्ज काढण्यापूर्वी एकदा माळ्यावर आणि पडवीत पाहून या.

या महिन्यात एवढेच करावे. घरातली एक टाकाऊ लाकडी वस्तू बाहेर काढावी, उलटी करून तिचा तळ पाहावा, भावंडांना फोन करावा. पुढचे काम आपोआप सुचते. अल्लाह तआला आपल्या घरांत बरकत देवो, आणि ज्यांच्या हातांनी ही घरे उभी केली त्यांची मगफिरत फरमावो. आमीन.